उसावरील लोकरी मावा : ओळख आणि नुकसान



पावसाळ्याचा उत्तरार्ध आला, आभाळ भरून राहू लागले, की शेतकी कार्यालयात उसाचे पान हातात घेऊन येणाऱ्या सभासदांची संख्या वाढते. कोणी म्हणतो, "पानावर कापूस पडलाय." कोणी म्हणतो, "चुना फेकल्यावानी दिसतंय." कोणी नुसते काळे पडलेले पान आणतो आणि विचारतो, "करपा आला का काय?" ही तिन्ही पाने एकाच किडीची असू शकतात आणि कधी तिन्ही तीन वेगळ्या किडींची असतात. ओळख चुकली की औषध चुकते, पैसा जातो आणि कीड आहे तिथेच राहते. म्हणून या लेखात औषधांची यादी देण्याऐवजी लोकरी मावा ओळखावा कसा, तो उसाचे नेमके काय बिघडवतो आणि तो दिसल्यावर पहिले पाऊल कोणते टाकावे, एवढेच आम्ही सविस्तर सांगणार आहोत.

मावा आपल्याला नवा नाही

केज तालुक्यातल्या शेतकऱ्याला मावा समजावून सांगण्याची गरज नाही. रब्बी ज्वारीवर चिकटा पडतो, पाने तेल लावल्यासारखी चमकतात, ते मुख्यत्वे माव्याचेच काम. करडई उशिरा पेरली की काळा मावा शेंड्यावर चढतो आणि बोंडे भरत नाहीत, हेही आपण पाहिलेले आहे. कपाशीवर तो असतोच. जात वेगळी, रंग वेगळा, पण पोट भरण्याची रीत एकच. मावा पान कुरतडत नाही, भोक पाडत नाही. सुईसारखी सोंड पानात खुपसतो आणि रस ओढत बसतो. त्यामुळे अळीने खाल्लेले पान जसे लांबून दिसते, तसे माव्याचे नुकसान सुरुवातीला दिसत नाही. दिसू लागते तोवर दीड-दोन महिने गेलेले असतात.

उसावरच्या माव्याला आपण लोकरी मावा म्हणतो, कारण त्याच्या अंगावर मेणाचे पांढरे धागे असतात आणि ते मेंढीच्या लोकरीसारखे दिसतात. शास्त्रीय नाव सेरॅटोव्हॅकुना लॅनिजेरा. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थही 'लोकर बाळगणारा' असाच आहे.

हा पाहुणा आला कुठून?

ही कीड मूळची पूर्वेकडच्या देशांतली. जावा, तैवान या ऊस पिकवणाऱ्या भागांत ती फार पूर्वीपासून माहीत होती. आपल्या देशात तिची नोंद १९५८ साली पश्चिम बंगालमध्ये झाली. पुढे आसाम, नागालँड या बाजूला ती राहिली. महाराष्ट्रातला ऊस त्या काळात तिच्यापासून मोकळा होता.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली. त्यानंतर एक-दोन हंगामांतच कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर आणि उत्तर कर्नाटकातला ऊस तिने व्यापला आणि पुढे मराठवाड्यातही ती पोचली. त्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी पांढरे झालेले फड पाहिले, त्यांना ते अजून आठवत असतील. फडात शिरलेला माणूस बाहेर आला की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे.

इतक्या वेगाने ती का पसरली, हे समजून घेण्यासारखे आहे. नव्या मुलखात तिला खाणारे कीटक सुरुवातीला पुरेसे नव्हते, ऊस मात्र सलग हजारो एकर उभा होता. पुढे तिचा जोर ओसरला. तो कशाने ओसरला ते पुढे सांगतो, कारण या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे.

किडीची ओळख

लोकरी माव्याची वसाहत पानाच्या खालच्या बाजूला असते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी, शिरेला धरून ती सुरू होते आणि मग पानभर पसरते. नीट पाहिले तर तिच्यात तीन प्रकारचे जीव दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे बारीक पिल्ले. ती फिकट पिवळसर-हिरवट असतात, अंगावर लोकर नसते आणि चांगलीच चपळ असतात. एका पानावरून दुसऱ्या पानावर चालत जातात ती हीच.

दुसरा प्रकार म्हणजे वाढलेली, बिनपंखी मादी. तिच्या पाठीवर पांढरे मेण जमलेले असते. ती एका जागी बसून रस शोषते. पानावर जो कापूस दिसतो तो हिचाच.

तिसरा प्रकार म्हणजे पंखवाला मावा. हा काळपट दिसतो, पंख पारदर्शक असतात. वसाहतीत गर्दी झाली की असे पंखवाले तयार होतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या फडात जातात. पांढऱ्या थरात काळे ठिपके हलताना दिसले की कीड आता शेजाऱ्याकडे निघाली, असे समजावे.

या किडीला वाढीसाठी नराची गरज लागत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते. पिल्लू चार वेळा कात टाकून एक ते तीन आठवड्यांत मोठे होते आणि तेही पिल्ले देऊ लागते. साधा हिशेब करा. एका मादीची २० पिल्ले धरली आणि त्या प्रत्येकीची पुन्हा २०, तर दुसऱ्या पिढीत ४०० आणि तिसऱ्या पिढीत ८,००० होतात. सगळी जगत नाहीत हे खरे. पण "आज एका पानावर आहे, बघू पुढच्या महिन्यात" असे का म्हणू नये, ते या आकड्यांवरून कळते.

पान उलटून पाहा

बांधावरून ऊस पाहून लोकरी मावा कळत नाही. जुलैच्या शेवटापासून नोव्हेंबर संपेपर्यंत आठ-दहा दिवसांनी एकदा फडात शिरावे. पद्धत सोपी आहे.

१. फडाच्या चार कडांना आणि मध्ये, अशा पाच ठिकाणी थांबावे. पाणी साचणारी जागा, झाडाची सावली पडणारी कड आणि जिथे ऊस सर्वांत दाट व काळाभोर हिरवा आहे अशी जागा चुकवू नये.

२. प्रत्येक ठिकाणी चार-पाच उसांची खालची हिरवी पाने उलटून पाहावीत. लागण आधी खालच्या, जून पानांवर होते आणि नंतर वर चढते. नुसता शेंडा पाहणारा नेहमी उशिरा जागा होतो.

३. पानाच्या वरच्या बाजूवर बोट फिरवावे. बोट चिकटले किंवा पान तेलकट चमकले, तर त्याच्या वरचे पान उलटावे. चिकटा खालच्या पानावर पडतो, तो पाडणारा मावा वरच्या पानाच्या पाठीमागे बसलेला असतो.

४. मुंग्यांची ये-जा दिसली तर ती कुठे जाते ते पाहावे. गोड चिकट्याचा वास मुंगीला आपल्या आधी लागतो.

५. पांढरे दिसले तर बोटाने पुसावे. लोकर निघून खाली मऊ, ओलसर, हिरवट किडे चिरडले गेले तर तो लोकरी मावा.

पाचट काढणाऱ्या, खुरपणाऱ्या बायांना विचारावे. त्या फडात वाकून चालतात, त्यांच्या लुगड्याला पांढरे लागते. मालकाच्या आधी कीड त्यांनाच दिसते, पण त्यांना कोणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत.

फसवणारे सोबती

लोकरी मावा समजून भलत्याच किडीवर औषध मारल्याचे प्रकार होतात. म्हणून फरक लक्षात ठेवा.

पाकोळी : हिलाही चिकटा व काळी बुरशी येते. पण मोठा किडा वाळल्या गवताच्या रंगाचा, पुढे चोचीसारखे तोंड असलेला आणि पान हलवले की टुणकन उडी मारणारा असतो. पिल्लांच्या मागे दोन शेपट्या असतात. तिच्या अंड्यांच्या पुंजक्यावर पांढरा कापूस असतो, पण तो लहान ठिपक्याएवढाच. पानभर पसरत नाही.

पांढरी माशी : पानाच्या खाली काळपट, लंबगोल, चिकटून बसलेले खवले रांगेने दिसतात. ते हलत नाहीत. पाणथळ जमिनीतला आणि खत कमी पडलेला खोडवा ही तिची आवडती जागा. लांबून पान पिवळे-गुलाबी दिसते.

पिठ्या ढेकूण : हा पानावर नसतो, कांडीवर असतो. पाचट सोलले की कांड्याजवळ गुलाबी, पीठ लावलेले, चपटे किडे दिसतात.

खवले कीड : हीसुद्धा कांडीवर. राखाडी-काळ्या खवल्यांचा थर बसतो आणि नखाने खरवडला की निघतो.

केवडा : चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले की कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. पान उलटले तर एकही किडा सापडत नाही. हा रोग नव्हे आणि कीडही नव्हे, त्यावर कीटकनाशक मारणे म्हणजे पैसा पाण्यात.

काळी बुरशी आणि करपा यांतही गफलत होते. काळे पान ओल्या फडक्याने पुसा. काळे निघाले आणि खाली पान हिरवे असेल, तर ती चिकट्यावर वाढलेली काजळी आहे. करप्याचा डाग पुसून जात नाही, तो पानाच्या आतच असतो.

नुकसान कसे होते?

आता मुद्द्याचे. पान तर जाग्यावरच आहे, ऊसही उभा आहे, मग बिघडले काय?

उसाचे पान म्हणजे आपला पहिला कारखाना. ऊन, हवा आणि पाणी घेऊन पान साखर बनवते आणि ती शिरांतून खाली कांडीत साठते. लोकरी मावा सोंड खुपसतो तो याच साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांत. म्हणजे पानात तयार झालेला माल कांडीत पोचण्याआधी वाटेतच चोरीला जातो. त्यातही गंमत अशी, की त्याला साखर तितकी नको असते. त्याला वाढीसाठी हवे असते नत्र, आणि ते या रसात फार थोडे असते. तेवढे नत्र मिळवण्यासाठी तो खूप रस पितो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने टाकून देतो. तोच चिकटा. आपण ज्या साखरेसाठी वर्षभर राबतो, ती ही कीड पानावर सांडून ठेवते.

दुसरे नुकसान चिकट्यावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीचे. ती पानात शिरत नाही, पण पानावर काळी चादर घालते. ऊन पोचत नाही, म्हणून पान साखर बनवू शकत नाही. म्हणजे वरच्या पानाची साखर चोरीला गेली आणि खालच्या पानाचे काम बंद पडले.

तिसरे, रस गेलेले पान टोकाकडून आणि कडेने पिवळे पडते व वाळते. ऊस वाढायच्या दिवसांतच पाने कमी झाली की कांड्या आखूड व बारीक राहतात.

चौथे नुकसान पुढच्या वर्षाचे. अशा उसाचे बेणे घेतले तर डोळे जोमाने फुटत नाहीत. खोडवा ठेवला तर फुटवा कमी आणि उशिरा येतो. वाढे चिकट, काळे झाल्यामुळे जनावरे ते आवडीने खात नाहीत. गुऱ्हाळाला ऊस दिला तर गुळाचा रंग व प्रत बिघडते.

२००२ नंतरच्या साथीत जास्त लागण झालेल्या फडांत वजनाची घट सुमारे पाव हिश्शापर्यंत गेली आणि साखरही त्याच मानाने उतरली. एकरी ४० टनांचा फड धरला तर पाव म्हणजे १० टन. हा झाला ज्याच्या-त्याच्या शेताचा हिशेब.

पण उताऱ्याचा हिशेब एकट्याचा नसतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्याने वाढला वा घटला की दर ३.४६ रुपयांनी वाढतो वा घटतो, आणि ९.५ टक्के व त्याखाली तो ३२९.०५ रुपयांवर स्थिर राहतो. समजा कारखान्याचा उतारा १०.२५ वरून ९.७५ वर आला. क्विंटलमागे १७.३० रुपये, म्हणजे टनामागे १७३ रुपये गेले. ४० टनांच्या एकराला ६,९२० रुपये झाले. आणि हा उतारा सर्व उसाचा मिळून निघतो. ज्याचा फड स्वच्छ आहे त्यालाही तोच दर. म्हणून लोकरी मावा हा माझ्या बांधाच्या आतला प्रश्न आहे असे कोणी समजू नये. गव्हाणीत सगळ्यांचा ऊस एकत्र पडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्यापुरती. आपला ऊस मांजराच्या, विहिरीच्या नाही तर बोअरच्या पाण्यावर. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. इतक्या मोलाचे पाणी देऊन पोसलेल्या उसातली साखर माव्याने न्यावी, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या बारमाही पाण्याच्या शेतकऱ्यापेक्षा आपल्याला जास्त महाग पडते.

कोणत्या फडात आधी येतो?

ढगाळ, दमट, मध्यम उबदार हवा माव्याला मानवते. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा त्याचा मुख्य काळ. जोराचा पाऊस पडला की बराचसा धुऊन जातो, रिमझिम आणि ढग मात्र त्याला पोसतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तो कमी होतो, पण संपत नाही. सावलीच्या, ओलाव्याच्या जागी थोडा शिल्लक राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच सुरू होतो.

हवामान आपल्या हातात नाही. पण पुढच्या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

दाट लावण : तीन फुटी सरीतल्या दाट उसात हवा खेळत नाही, दमटपणा कोंडतो. साडेचार-पाच फुटी सरी किंवा पट्टा पद्धत ठेवली तर हवा खेळते आणि आपल्याला आत शिरून पाहताही येते.

नत्राचा अतिरेक : माव्याला नत्रच हवे असते हे वर आले आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, पूर्वहंगामीला ३४० किलो आणि आडसालीला ४०० किलो नत्र ही शिफारस आहे. ती हप्त्याने द्यावी व मोठ्या बांधणीला पुरी करावी. पावसाळ्यात ऊस काळाभोर दिसावा म्हणून वरून युरियाचे पोते टाकणे म्हणजे माव्याला आवतण देणे.

साचलेले पाणी : निचऱ्याची चर मोकळी ठेवा. पाचव्या आणि सातव्या महिन्यात खालची वाळलेली पाने काढून सरीत आच्छादन करा. फड मोकळा होतो, ओलही टिकते.

तो पसरतो वाऱ्याने आणि आपल्या हातानेही. लागण झालेल्या फडातले हिरवे वाढे बैलासाठी दुसऱ्या गावाला नेले, वाटेत शेजाऱ्याच्या उसाला घासले, की मावा पोचला. तोडणी चालू असताना अशा फडातले वाढे त्याच शिवारात वापरावेत. बेणे तर अशा फडातले घेऊच नये. घ्यावेच लागले तर पाने पूर्ण सोलून, बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लावू नये.

मारण्याआधी थांबा : मित्रकीटक ओळखा

आता साथ कशाने ओसरली ते सांगतो. २००२-०३ मध्ये लोकांनी फवारण्या केल्या, धुरळण्या केल्या. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन फिरता येत नाही, औषध पानाच्या खालच्या बाजूला पोचत नाही आणि मेणामुळे अंगाला लागत नाही. पंधरा-वीस दिवसांत मावा पुन्हा दिसे. पुढच्या काळात फडात त्याला खाणारे कीटक वाढले. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि कर्नाटकातील संस्था यांनी ते वाढवून कारखान्यांमार्फत फडांत सोडले. आसामातून एन्कार्शिया नावाची, माव्याच्या अंगात वाढणारी बारीक गांधीलमाशीही आणली गेली. या सैन्याने जे केले ते पंपाने झाले नव्हते. आजही ते आपल्या फडांत असते. फक्त आपल्याला ते ओळखता आले पाहिजे.

डिफा : ही हिरवट-तपकिरी अळी माव्याच्या थरातच राहते. रेशमाची जाळी विणते आणि तिच्या आडून मावा खाते. पांढऱ्या थरात जाळी, मेणाचा चुरा व सुकलेली कातडी दिसली, तर तिथे डिफा आहे.

मायक्रोमस : याची अळी बारीक, दोन्ही टोकांना निमुळती आणि वेगाने पळणारी असते. मोठा कीटक तपकिरी, जाळीदार पंखांचा.

सिरफीड माशी : हिची अळी बिनपायाची, तोंडाकडे निमुळती, जळवेसारखी सरकते. माशी पिवळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी तरंगणारी.

ढालकिडे : यांना सगळेच ओळखतात.

आपली खरी फसगत होते ती इथे. डिफा अळी पाहून सभासद म्हणतात, "मावा होताच, आता अळीबी पडली," आणि दुप्पट औषध मारतात. मरतो तो राखणदार. मावा पुन्हा पंधरवड्यात वाढतो, कारण त्याला पिल्ले द्यायला वेळ लागत नाही. राखणदाराला मात्र पुन्हा वाढायला महिना-दीड महिना जातो.

म्हणून पाहणी करताना दोन आकडे ठेवा : दहा लागणीच्या पानांपैकी किती पानांवर मित्रकीटक आहेत आणि मावा मागच्या खेपेपेक्षा वाढला की घटला. तीन-चार पानांवर डिफा किंवा मायक्रोमस असेल तर हात आवरा, आठ दिवसांनी पुन्हा पाहा. मित्रकीटक अजिबात नसतील तर कार्यालयाला कळवा. हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस आहे. ज्या फडात डिफा भरपूर आहे, तिथली अळ्या असलेली पाने कापून लागण झालेल्या उसाच्या पानांना टाचणे हाही सोपा मार्ग आहे. मित्रकीटक सोडल्यावर तीन-चार आठवडे कोणतेही कीटकनाशक वापरू नये.

सभासदांचे नेहमीचे प्रश्न

औषध कधीच मारू नये का? असे नाही. ऊस लहान आहे, आत शिरता येते, लागण दोन-चार ठिकाणीच आहे आणि मित्रकीटक नाहीत, अशा वेळी तेवढ्या जागेपुरते, पानाच्या खालून, चिकट द्रव मिसळून फवारावे. औषध व प्रमाण शेतकी कार्यालयातून किंवा अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रातून लिहून घ्यावे. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नये.

पूर्वी फोरेट टाकत होतो, ते टाकू का? नाही. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नका.

उंच उसात ड्रोनने फवारले तर? ड्रोन वरून चालतो, मावा पानाच्या पाठीमागे असतो. आधी पाहणी करा, मित्रकीटक मोजा, मग विचारा.

को ८६०३२ वर मावा येत नाही म्हणतात, खरे का? येतो. वाणाच्या भरवशावर पाहणी सोडू नका.

लागण झालेला ऊस आधी तोडून मिळेल का? तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर असतो. पण नोंद वेळेत आली असेल तर फडाची पाहणी करून विचार करता येतो. तोडणीच्या आदल्या दिवशी सांगितले तर आम्हालाही काही करता येत नाही.

सभासदांनी करावयाचे

लागण दिसताच आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला गट नंबर, उसाचा प्रकार, लागणीची तारीख व फडाचा कोणता भाग बाधित आहे, हे कळवावे. पान आणायचे असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणावे, मोकळे पान मोटारसायकलवरून गावोगाव फिरवू नये. शेजाऱ्यालाही त्याच दिवशी सांगावे. माझ्या फडात कीड आहे हे सांगण्यात कमीपणा नाही. लपवली तर ती बांधावर थांबत नाही, आणि उताऱ्यात तर ती सगळ्यांच्याच वाट्याला येते.

या आठवड्यात प्रत्येक सभासदाने आपल्या फडात पाच ठिकाणी शिरून खालची पाने उलटून पाहावीत, एवढीच विनंती. तासाभराचे काम आहे आणि त्याला खर्च काही नाही.

— शेतकी खाते